लॉख आनची एकट्याने भटकंती, शरदातल्या एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडमधल्या ॲव्हीमोर गावातून केर्नगॉर्मची जी रांग दिसते, तिच्या पाठीमागे लॉख आन नावाचं तळं आहे. तिथवर रस्ता नाही, आसपास घर नाही, आणि ॲव्हीमोरच्या बाजूने जायचं तर मधला डोंगर ओलांडण्यावाचून इलाज नाही. एडिंबरा, ग्लासगो किंवा लंडनला शिकायला-नोकरीला आलेली आणि सह्याद्रीत पाय तयार झालेली मंडळी सप्टेंबर उजाडला की या वाटेबद्दल विचारू लागतात. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. (नकाशावरची अक्षरं वाचून तुम्ही 'लॉख एव्हन' म्हणाल. तिथले लोक 'आन' म्हणतात. पुढची गेलिक नावंही उच्चाराच्या जवळपास लिहिली आहेत, नकाशावर ती बरीच वेगळी दिसतील.)

वाट नेमकी कशी आहे?

ॲव्हीमोरहून बस किंवा गाडीने कॉरी कासच्या वाहनतळापर्यंत जायचं. हाच स्की केंद्राचा तळ, उंची साधारण 630 मीटर. तिथून नैऋत्येकडे निघणारी बांधीव पायवाट कॉरी अन त्रेख्कमध्ये शिरते. कॉरीच्या तळाशी मोठमोठे धोंडे आणि दोन-तीन छोटी डबकी आहेत. तिच्या मागच्या भिंतीवरून 'गोट ट्रॅक' नावाची नागमोडी वाट सुमारे 1100 मीटरवरच्या खिंडीत चढते. खिंडीच्या एका अंगाला स्टॉब कॉरी अन त्रेख्क (1176 मीटर), दुसऱ्या अंगाला केर्न लॉखन (1215 मीटर). खिंड ओलांडली की समोर कॉरी डोविन. तिच्यातल्या ओढ्याच्या साथीने थेट तळ्याच्या माथ्याशी उतरायचं. तळ्याची उंची सव्वासातशे मीटरच्या आसपास.

मग उत्तर काठाने पूर्वेकडे चालत कॉरी राबर्टच्या पायथ्याशी यायचं, ती चढून पुन्हा पठार गाठायचं, 1141 मीटरच्या माथ्यावरची दगडांची मोठी रास शोधायची आणि फिअकल अ कॉरी कास या सोप्या धारेने वाहनतळावर उतरायचं. अंतर बारा-चौदा किलोमीटर, एकूण चढ साधारण 900 मीटर.

एक सावधगिरी. 'फिअकल' नावाच्या धारा दोन आहेत. उतरायची ती पूर्वेकडची, कॉरी कासला लागून असलेली. पश्चिमेची, त्रेख्क आणि लॉखन या दोन कॉऱ्यांच्या मधली, ही हातपाय लावून चढायची अरुंद कातळधार आहे. धुक्यात नाव वाचून घोटाळा करू नका.

कॉरी म्हणजे काय?

शाळेच्या भूगोलात 'हिमगव्हर' वाचलं असेल, तेच. डोंगराच्या कुशीत साठलेल्या बर्फाची हिमनदी होते, ती मागची भिंत उपटत आणि तळ खरवडत खाली सरकते. बर्फ वितळल्यावर तीन बाजूंनी कडे आणि चौथी बाजू मोकळी, अशी पाठ टेकायच्या आरामखुर्चीसारखी जागा उरते. केर्नगॉर्मच्या उत्तरेकडच्या कॉऱ्यांमध्ये शेवटचा बर्फ साधारण साडेअकरा-बारा हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता. त्रेख्कच्या तळाशी तुम्ही ज्या धोंड्यांवरून उड्या मारत जाता, त्यांतले बरेच त्या हिमनदीने आणून टाकलेले हिमोढ आहेत.

दगड सगळा ग्रॅनाइट. आपल्या बेसॉल्टवर पाय ठेवायची सवय असलेल्यांना तो आवडतो, कारण कोरडा असताना बूट पक्का धरतो. शेवाळलेला ओला ग्रॅनाइट मात्र आपल्याकडच्या पावसाळी कातळाइतकाच दगा देतो. आणि त्याचा भुगा होऊन उताराची बारीक खडी होते, तिचा घसारा गोट ट्रॅकवर भरपूर आहे.

मी हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय. मग हे काय अवघड?

पायांना अवघड नाही. नळीची वाट चढलेल्याला गोट ट्रॅकचे शेवटचे पावणेदोनशे मीटर जड जाणार नाहीत. घसारा आहे, उतार तीव्र आहे, दृष्टिभय थोडंफार आहे, रॉक पॅच नाही. दोर लागत नाही.

अवघड आहे ती या वाटेची मांडणी. आपल्याकडे एखाद्या नाळेने खाली उतरलात की कोकणातलं गाव लागतं, गावात कुणाच्या तरी ओसरीवर पाणी मिळतं, पुढे एसटी. खाली जाणं म्हणजे सुटणं. इथे नेमकं उलट आहे. दमून-भागून खाली उतरता तेव्हा तुम्ही सगळ्यांत एकाकी जागी पोचलेले असता आणि परतीची वाट वर जाते. तळ्यावरून ॲव्हीमोरकडे येणाऱ्या प्रत्येक वाटेवर आधी चढ आहे, बहुतेकांवर चांगलाच. म्हणून या ट्रेकचा खरा निर्णय तळ्यावर घेता येत नाही, तो वरच्या खिंडीत घ्यावा लागतो. पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

दुसरा फरक म्हणजे वाट विचारायला कुणी नाही. गुरं घेऊन आलेला मामा नाही, लिंबूपाण्याची टपरी नाही, झाडांवर बाण नाहीत. सप्टेंबरातल्या शनिवारी त्रेख्कमध्ये माणसं भेटतील, कातळावर चढाई करणारे तर हमखास. खिंडीपलीकडे ती झपाट्याने विरळ होतात.

किती वेळ लागतो? किती वाजता निघू?

थांबणं धरून सात ते आठ तास. वाहनतळ ते त्रेख्कचा तळ एक तास, तिथून खिंड आणखी एक तास. खिंडीतून तळ्यापर्यंत तासभर. तळ्याचा माथा, वाळू, शेल्टर स्टोन आणि जेवण यांत सव्वा तास सहज जातो. काठाने कॉरी राबर्टचा पायथा अर्धा-पाऊण तास, तिथून 1141 पर्यंत दीड ते पावणेदोन तास, आणि उतरायला एक तास.

आता सूर्याचं गणित. सप्टेंबरअखेरीस तिथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या मध्यावर सहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे होतात आणि एकदम साडेचारला अंधार पडू लागतो. पुण्यात दिवाळीच्या दिवसांतही सहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्या सवयीने इथे निघू नका. एका महिन्यात चालायचे दोन-अडीच तास निघून जातात.

ऑक्टोबरच्या मध्यावर माझं वेळापत्रक असं: उजाडताच, आठच्या सुमारास, वाहनतळ सोडायचा आणि खिंडीत उशिरात उशिरा साडेअकराला पोचायचं. साडेअकरा वाजून गेले तर पलीकडे उतरायचं नाही. मग स्टॉब कॉरी अन त्रेख्कवरून 1141 ला जाऊन फिअकलने खाली. तोही दिवस छान जातो आणि तळ्याच्या बाजूचा बराचसा देखावा वरून दिसतो. घड्याळं बदलल्यावर हीच वेळ दहा धरा. खिंडीची वेळ आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवावी. तिथे उभं राहिल्यावर, पलीकडचं निळं-हिरवं पाणी दिसत असताना, कुणीही स्वतःशी घासाघीस करू लागतो.

शरद म्हणजे नेमके कोणते दिवस निवडावेत?

सप्टेंबरचा तिसरा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. उन्हाळ्यात जीव नकोसा करणारे मिज, म्हणजे चावऱ्या चिलटांचे ढग, तोवर ओसरलेले असतात. हेदर हे डोंगरी झुडूप ऑगस्टमध्येच फुलून गेलेलं असतं, पण खरा रंग गवताचा. डियरग्रास पिवळं, मग नारिंगी, मग तांबूस होत जातं, ब्लेबेरीची पानं लाल होतात आणि खाली ग्लेनमोरकडे बर्च सोनेरी. ऊन तिरपं असल्यामुळे कॉऱ्यांच्या भिंतींवरच्या घळी आणि भेगा दुपारीही ठसठशीत दिसतात.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एकट्याने जाण्याबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. दिवस आखूड आणि बर्फाची शक्यता खरी.

हवामान कुठे बघायचं, आणि त्यात काय बघायचं?

ॲव्हीमोरचं हवामान बघू नका, ते दरीतलं आहे. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस डोंगरमाथ्यांसाठी वेगळा अंदाज देते. ब्रिटिश हवामान खात्याचाही डोंगरी अंदाज असतो. दोन्ही बघा, आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी.

पावसापेक्षा आधी वारा वाचा. पठारावर ताशी 60-65 किलोमीटरचा वारा असेल तर सरळ चालता येत नाही, ताशी 80 ला झोताबरोबर तोल जातो आणि गोट ट्रॅकच्या माथ्यावर तोल जाणं परवडणारं नाही. केर्न गॉर्मच्या माथ्यावर 20 मार्च 1986 रोजी ताशी 278 किलोमीटरचा झोत नोंदला गेला, ब्रिटनमधला विक्रम तोच आहे. तुम्हाला तसा भेटणार नाही, पण या डोंगराची कुवत लक्षात यावी म्हणून सांगितलं.

मग गोठणबिंदूची उंची बघा. अंदाजात ती 1100 मीटर किंवा खाली दिली असेल तर खिंडीत पाऊस नाही, बर्फ पडणार. वाहनतळावर 8 अंश असतील तर खिंडीत 5, आणि वाऱ्यात अंगाला लागणारी थंडी शून्याखालची. तिसरी गोष्ट ढगांचा तळ. तो 900 मीटरवर सांगितला असेल, तर खिंड आणि पठार दोन्ही धुक्यात असणार हे धरूनच चाला.

एकट्याने जाणं शहाणपणाचं आहे का?

हे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'हो' ऐकायचं असतं. माझं उत्तर अटींवर आहे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन, फोन सॅकमध्ये ठेवून, धुक्यात एक किलोमीटर ठरल्या दिशेने चालून ठरल्या जागी पोचता येत असेल तर जा. ते कधी केलं नसेल तर आधी खाली ग्लेनमोरच्या जंगलात किंवा आणखी सोप्या डोंगरावर करून बघा. ग्लेनमोर लॉज ही डोंगरी प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था तिथेच आहे आणि तिथे दिशाशोधनाचे छोटे अभ्यासक्रम चालतात.

एकट्या माणसाचा धोका कड्यावरून पडण्याचा कमी आणि मुरगळलेल्या घोट्याचा जास्त. चौघांत घोटा मुरगळला तर ती तक्रार असते. कॉरी डोविनच्या तळाशी एकट्याचा घोटा मुरगळला, तर पहिली रात्र तिथे काढायची तयारी हवी. गंमत अशी की एकटा माणूस चालतो मात्र जास्त भरभर, कारण थांबवणारं कुणी नसतं. धोंड्यांच्या पट्ट्यात मुद्दाम हळू चाला. काठ्या असतील तर त्या तिथे सॅकला बांधून हात मोकळे ठेवा.

कुणाला सांगून जाऊ? घरी व्हॉट्सॲप टाकलं तर चालेल?

घरी जरूर टाका, पण त्यावर विसंबू नका. 999 हा ब्रिटनचा आपत्कालीन नंबर, पण पुण्या-नाशिकहून तो फिरवला तर ब्रिटनमध्ये लागत नाही. शिवाय सप्टेंबरात घड्याळात साडेचार तासांचा फरक आहे. तुम्ही इथे संध्याकाळी आठला परतला नाहीत, तर तिकडे साडेबारा वाजून सगळे झोपलेले असतात. जागे असतील तर आणखी वाईट, आई रात्रभर फोन लावत बसेल आणि तिला करता काहीच येणार नाही.

ब्रिटनमध्ये असलेल्या एका माणसाला लेखी द्या: वाट कुठून कुठे, पर्यायी वाट कोणती, गाडीचा नंबर किंवा बस, जॅकेटचा रंग, आणि 'इतक्या वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर 999 फिरवून पोलिसांना सांग, माउंटन रेस्क्यू पाहिजे.' ही वेळ अपेक्षित परतीच्या दोनेक तास पुढची ठेवा. ॲव्हीमोरच्या हॉस्टेलात उतरला असाल तर तिथल्या काउंटरवरही सांगता येतं. आणि परतल्यावर निरोप द्यायला विसरू नका. तिथली सुटका पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत, पण तुम्ही पबमध्ये सूप पीत असताना ती अंधारात डोंगरावर निघालेली नसावीत.

मोबाइलला रेंज असते का?

वाहनतळावर असते, पठारावर अधूनमधून असते, तळ्यावर नाही असंच धरून चाला. तीन बाजूंनी कडे असल्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या फोनलाही आकाशाचा मोठा तुकडा मिळत नाही, थोडं उघड्यावर सरकावं लागतं.

ब्रिटनमध्ये 999 ला मेसेज करता येतो, बोलण्याइतकी रेंज नसताना तो कधी कधी निघून जातो. पण त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो: 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द 999 वर पाठवायचा आणि उत्तरात येईल तसं करायचं. आज घरी बसूनच करून टाका. शिट्टीचा संकेत म्हणजे मिनिटात सहा फुंकी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. अंधारात हेच टॉर्चने.

पठारावर धुक्यात सापडलो तर?

दोन्ही वेळा पठारावरचं अंतर थोडंच आहे, पण चूक होते ती तिथेच. उत्तरेकडे त्रेख्कचे कडे तुटलेले आहेत आणि दक्षिणेकडे तळ्यावरचे. मधली जमीन सपाट, खडीची, सगळीकडे सारखी. दगडांच्या लगोऱ्या खूप आहेत, पण कोणती कोणी कशासाठी रचली ते कळत नाही. कॉरी राबर्ट चढून आल्यावर ओढा जिथे विरत जातो तिथेच थांबा, नकाशावरून दिशा घ्या आणि पावलं मोजत 1141 च्या राशीकडे जा. 1:25,000 चा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल 57 हा नकाशा हा सगळा भाग दाखवतो. कागदी प्रत हवी, प्लास्टिकच्या पिशवीत.

याच पठारावर नोव्हेंबर 1971 मध्ये एडिंबराच्या एका शाळेची सहल हिमवादळात अडकली. सहा जण दगावले: पंधरा-सोळा वर्षांची पाच मुलं आणि एक तरुण प्रशिक्षक. त्यांना पठारावरच्या एका छोट्या निवाऱ्यापर्यंत पोचायचं होतं आणि तो सापडला नाही. ब्रिटनमधला डोंगरातला तो सर्वांत भीषण अपघात मानला जातो. पुढे असे उंचावरचे निवारे काढून टाकले गेले, कारण त्यांच्या भरवशावर माणसं नको तिथे, नको तेव्हा जात होती. त्यामुळे जुन्या पुस्तकात किंवा जुन्या नकाशावर पठारावर निवारा दिसला तरी तो आता नाही.

शेल्टर स्टोन बघायलाच हवा का? तो सापडतो का?

बघाच. तळ्याच्या माथ्याशी शेल्टर स्टोन क्रॅग हा उभा काळपट कडा आहे. त्याच्या पायथ्याशी धोंड्यांचा नुसता खच पडलाय आणि त्यातला एक घराएवढा धोंडा दुसऱ्या दगडांवर असा टेकलाय की खाली पाच-सहा माणसं झोपतील एवढी पोकळी तयार झाली आहे. तोच शेल्टर स्टोन. सापडायला थोडा वेळ लागतो, कारण मोठे धोंडे अनेक आहेत. माथ्यावर छोटी लगोरी असलेला शोधा. ओणवं होऊन आत शिरा: फटी लोकांनी दगड आणि मातीची ढेकळं लावून बुजवल्या आहेत, जमीन दबून गुळगुळीत झाली आहे, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत ओल्या ग्रॅनाइटचा वास तेवढा येतो. 1887 च्या जूनमध्ये काही मंडळी इथे रात्र काढायला आली आणि तिथेच केर्नगॉर्म क्लबचा पाया घातला गेला. तो गिर्यारोहण क्लब आजही चालू आहे.

मुक्कामाचा बेत नसला तरी ही जागा माहीत असणं उपयोगाचं. उशीर झाला, पाय दुखावला, तर उघड्यावर रात्र काढण्यापेक्षा ती लाख पटींनी बरी. तळ्याच्या दुसऱ्या टोकापलीकडे, पूर्वेला, फोर्ड्स ऑफ आन इथे लाकडी खोक्यासारखा एक आपत्कालीन निवारा आहे. पण तो तुमच्या परतीच्या वाटेपासून दूर.

ओढे ओलांडावे लागतात का?

लागतात, आणि शेल्टर स्टोनचा प्रश्न इथेच अडतो. कॉरी डोविन आणि कॉरी राबर्ट दोन्ही तळ्याच्या उत्तर अंगाला. शेल्टर स्टोन दक्षिण अंगाला. मधे वरच्या पठाराचं सगळं पाणी घेऊन येणारे ओढे तळ्यात शिरतात. कोरड्या आठवड्यानंतर दगडांवरून टणाटण उड्या मारत पलीकडे जाता येतं. रात्रभर पाऊस झाला असेल तर तेच ओढे मांडीपर्यंत येतात, पाणी बर्फासारखं गार. तसं असेल तर पलीकडे जाऊ नका, उत्तर काठानेच चाला. आणि जाताना पार केलेला ओढा तासाभराने परत येताना तसाच असेल असं नाही. आपल्या पावसाळी ट्रेकचा हा धडा तिथे जसाच्या तसा लागू पडतो.

बर्फ पडला असेल तर?

माथ्यांवर पांढरी भुरभुर दिसली तर घाबरायचं कारण नाही. पण गोट ट्रॅक उत्तरमुखी आहे, त्याला ऊन मिळत नाही, आणि पातळ बर्फ रात्रीत गोठला की खडीवर काचेचा थर बसतो. बुटांना चढवायच्या रबरी साखळ्या सपाट वाटेला ठीक, तिथे त्या पुरत नाहीत. आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे धातूचे काटे) वापरता येत नसतील तर वाहनतळावरूनच बेत बदला. हिमस्खलनाचे सरकारी अंदाज साधारण डिसेंबरात सुरू होतात, त्यामुळे शरदातल्या पहिल्या बर्फात तुमचा निर्णय तुमच्यावरच.

सॅकमध्ये काय?

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी. छत्री तर नकोच, पहिल्या मिनिटात तिच्या काड्या हातात येतील. घाम सुकवणारा आतला थर, फ्लीस, पाणी न शिरणारं जॅकेट आणि तशीच पँट. जाड कानटोपी. हातमोज्यांचे दोन जोड, कारण पहिला भिजतोच आणि भिजलेल्या बोटांनी सॅकची चेनही उघडत नाही. थांबल्यावर घालायला एक जास्तीचं उबदार जॅकेट, मग ते दिवसभर वापरलं नाही तरी चालेल. हेडटॉर्च सप्टेंबरातसुद्धा, जास्तीच्या बॅटरीसकट. झोपायच्या पिशवीसारखी प्लास्टिकची नारिंगी सर्व्हायव्हल बॅग मिळते, फार महाग नसते, एकट्या माणसाने तिच्याशिवाय खिंड ओलांडू नये.

खायला-प्यायला?

वाटेत काहीही मिळत नाही. तूप लावून केलेल्या दशम्या आणि चटणी थंडीतही खाता येते, ब्रेडच्या सँडविचचा मात्र लगदा होतो. शेंगदाण्याची चिक्की खिशात हवी, सॅकमध्ये नव्हे: वाऱ्यात सॅक उतरवायचा कंटाळा येतो आणि माणूस उपाशी चालत राहतो. थर्मासमध्ये गोड चहा. वरच्या ओढ्यांचं पाणी बरेच लोक तसंच पितात. मी गाळणी वापरतो, हरणं आणि माणसं दोन्ही वर असतात.

शौचाला जायचं तर पाण्यापासून निदान 30 मीटर लांब, खड्डा करून, आणि कागद पिशवीत घालून परत. शेल्टर स्टोनच्या आजूबाजूला अजिबात नको.

परवानगी, तिकीट, गाइड?

काही नाही. स्कॉटलंडच्या 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही डोंगर, माळ, तळी यांवर फिरण्याचा हक्क दिला आहे, जमीन कुणाचीही असो. वाहनतळाचं शुल्क तेवढं असतं. शरद हा हरणांच्या शिकारीचा हंगाम, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याला जोर असतो. या वाटेवर सहसा अडचण येत नाही, पण कुठे पाटी दिसली तर ती वाचा आणि सुचवलेल्या वाटेने जा.

प्राणी दिसतात का?

रेनडिअर दिसण्याची शक्यता चांगली. मिकेल उत्सी या स्वीडनमधल्या सामी पशुपालकाने 1952 मध्ये ते इथे आणले, त्याच कळपाचे वंशज डोंगरावर मोकळे चरतात. ऑक्टोबर त्यांच्या माजाचा काळ, नरांपासून लांब राहा आणि कुणालाच काही खाऊ घालू नका. लाल हरणांचे नरही याच दिवसांत डरकाळ्या फोडतात. धुक्यात पहिल्यांदा ऐकलं की छातीत धस्स होतं. धोंड्यांमध्ये टार्मिगन हा पक्षी शरदात अर्धा राखाडी, अर्धा पांढरा असतो. तो हलल्याशिवाय दिसत नाही, बहुतेक वेळा पायाशी आल्यावरच कुरकुरत उडतो.

तिथे भूत आहे म्हणतात, खरं का?

आपल्याकडे चकवा, तिथे 'करडा माणूस'. शेजारच्या बेन मॅकडूईवरून 1891 मध्ये एकटेच धुक्यातून उतरताना नॉर्मन कॉली यांना मागून पावलं ऐकू आली, त्यांच्या तीन-चार पावलांमागे एक, जणू कुणी फार लांब ढांगा टाकतंय. ते घाबरून खालच्या जंगलापर्यंत पळत सुटले. कॉली म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत: रसायनशास्त्राचे प्राध्यापक, 1895 च्या नंगा पर्वत मोहिमेतले गिर्यारोहक. त्यांनी हा किस्सा जाहीरपणे सांगितला तो 1925 मध्ये, आणि तेव्हापासून करड्या माणसाला मरण नाही.

डोळ्यांना दिसणाऱ्या आकृतीचं कारण मात्र सांगता येतं. सूर्य पाठीशी आणि धुकं समोर असलं की आपली सावली त्यावर प्रचंड दिसते, डोक्याभोवती रंगीत वलय असतं. कोकणकड्यावरचं इंद्रवज्र ज्यांनी पाहिलंय ते तिथे दचकणार नाहीत. शरदातल्या सकाळी खिंडीत हे दिसायची संधी खरोखर असते.

त्याच दिवशी बेन मॅकडूई जोडता येईल का?

1309 मीटर, ब्रिटनमधला दुसऱ्या क्रमांकाचा डोंगर, म्हणून मोह होतो. जूनमध्ये करा, तेव्हा रात्री दहापर्यंत उजेड असतो. शरदात एकतर तळं किंवा मॅकडूई.

कॉरी राबर्टचा चढ नको वाटला तर तळ्यावरून दुसरी सोपी वाट नाही का?

तळ्याच्या पूर्व टोकाशी 'द सॅडल' ही 807 मीटरची खिंड आहे. चढ थोडाच, म्हणून नकाशावर ती मोहात पाडते. पण पलीकडची नेथी दरी म्हणजे मैलोगणती दलदल आहे, आणि तुम्ही निघता ते वाहनतळावर नाही, ग्लेनमोरच्या बाजूला. वरती वादळी वारा असेल आणि पठार टाळायचं असेल तेव्हाच ही वाट घ्या, आणि अंधारात संपेल हे धरून. पायांना कंटाळा आला म्हणून घेऊ नका.

परत येईपर्यंत शेवटची बस गेली असेल तर?

हंगामाप्रमाणे बसच्या वेळा बदलतात, सकाळी उतरतानाच चालकाला विचारून घ्या. चुकलीच तर वाहनतळाहून ग्लेनमोरपर्यंत उताराची वाट आहे, तास-सव्वा तासाची. तिथे हॉस्टेल आहे, आणि तिथून ॲव्हीमोरची टॅक्सी बोलावता येते. लंडनला परतणाऱ्यांची रात्रीची स्लीपर ॲव्हीमोरला थांबते, पण तिचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. गाडीची वेळ डोक्यात असली की खिंडीतला निर्णय चुकतो. मधे एक रात्र ठेवा, बूटही वाळतील.